केशकर्तनातून पुनर्वसन

लढाई संपल्यावर माणसाला सगळ्यात आधी कशाची गरज असते, हे लढाईत सापडलेल्या माणसाला विचारण्यात अर्थ नसतो. तो हमखास चुकीचे उत्तर देतो. तो म्हणतो, छप्पर. किंवा म्हणतो, पाणी. अगदीच हटवादी असला तर म्हणतो, आमचा माणूस कुठे आहे तेवढे सांगा. ही सगळी उत्तरे भावनेच्या भरात दिलेली असतात आणि त्यांत दूरदृष्टी म्हणून नसते. म्हणून त्याची गरज ठरवण्याचे काम जे लढाईत नव्हते, ज्यांचे डोके शांत आहे आणि ज्यांची झोप पुरी झालेली आहे, अशा लोकांकडे सोपवावे, असा जगभरचा शिरस्ता आहे. तो योग्यच आहे.

कालव्याच्या अलीकडच्या वस्तीत हे काम संस्थेने अंगावर घेतले. (संस्थेचे पूर्ण नाव गाडीच्या दारावर दोन ओळींतही मावत नसे, म्हणून वस्तीत तिला नुसते 'संस्था' म्हणत.) तोफा थांबल्या आणि पाठोपाठ संस्थेची पाहणी-तुकडी आली. पाहणी अतिशय शास्त्रशुद्ध झाली. तुकडीने गाडीच्या काचा बंद ठेवून (धूळ फार होती) वस्तीतून दोन फेऱ्या मारल्या आणि जे दिसले ते टिपून घेतले. दिसले ते असे, की लहानथोर सगळ्यांचे केस खांद्यावर आलेत, पुरुषांच्या दाढ्या छातीला टेकल्यात आणि वस्तीत एकही सलून चालू नाही. वेढा पडलेला असताना, नळ कोरडे असताना आणि न्हाव्याचे दुकान न्हाव्यासकट उडालेले असताना माणसे केस कापायला जात नाहीत, हा मुद्दा पाहणीच्या कक्षेत बसत नव्हता. अहवालात निष्कर्ष आला : 'केशकर्तन सेवेला प्रचंड आणि न भागलेली मागणी.'

त्याच अहवालात गवंडीकामाचाही विचार झाला होता, हे मुद्दाम सांगितले पाहिजे. कारण संस्थेने एकांगी विचार केला असे पुढे काही नाठाळ म्हणू लागले. गवंडीकाम, सुतारकाम आणि छपराचे काम यांना या वस्तीत अजिबात वाव नाही, असे अहवालात स्वच्छ लिहिले आहे. कारण वस्तीत घरेच उरली नव्हती. जिथे घरे नाहीत तिथे घरांची कामे निघणार कुठून? युक्तिवाद बिनतोड होता. वस्तीतल्या शहाण्यासुरत्या मंडळींनी त्यावर पुष्कळ डोके खाजवले (तेव्हा खाजवायला केस होते) आणि शेवटी मान डोलावली.

अशा रीतीने वस्तीत केशकर्तनाचा अभ्यासक्रम आला आणि अशा रीतीने तिकीटवाली न्हावी झाली.

तिकीटवाली म्हणजे बसस्थानकाच्या खिडकीत बसून तिकिटे देणारी बाई. वर्षानुवर्षे तिने लोकांची तोंडे जाळीतून पाहिली होती. त्यांच्या डोक्याशी तिचा काडीचा संबंध आला नव्हता. तिचा नवरा बस चालवायचा. लढाई सुरू झाली त्या दिवशी तो बस घेऊन कालव्यापलीकडे गेला. बस परत आली नाही आणि तोही आला नाही. पुढे एक तोफगोळा घरावर पडला. भिंती राहिल्या, छप्पर गेले. तेव्हा तिने काळजावर दगड ठेवून आठ वर्षांच्या लेकीला लांबच्या शहरात मोठ्या नणंदेकडे पाठवले. घरात आता ती आणि तिचा धाकटा दीर, एवढी दोनच माणसे.

नणंद करारी बाई. तिने फोनवर एकदाच काय ते सांगून टाकले, की पोरीच्या डोक्यावर छप्पर घाल आणि खुशाल घेऊन जा, पण उघड्यावर झोपायला मी तिला धाडणार नाही. यात नणंदेचे काही चुकते आहे असे तिकीटवालीलाही म्हणता येईना. पोरगी आधी आधी फोनवर रडायची. मग रडेनाशी झाली. मग मागून कार्टूनचा आवाज यायचा आणि पोरगी म्हणायची, "बोल ना पटकन." रडण्यापेक्षा हे तिच्या जिवाला जास्त लागले. हातपाय हलवले नाहीत तर पोरगी आपली राहणार नाही, हे तिला त्या 'पटकन'मध्ये नेमके कळले.

छप्पर हवे म्हणजे पत्रे हवेत. बाजारात पत्रा औषधालाही मिळत नव्हता. संस्थेच्या गोदामात मात्र पत्र्यांच्या थप्प्या लागलेल्या होत्या आणि कुंपणातून सगळ्या वस्तीला दिसत होत्या. पण संस्था फुकट वाटपाच्या सक्त विरोधात होती. फुकट मिळाले की माणसाचा स्वाभिमान जातो, असे तिच्या कचेरीच्या भिंतीवर रंगीत चित्रासह लिहिलेले होते. लढाईत घरे गेली, माणसे गेली, बकऱ्या गेल्या. स्वाभिमान तेवढा शाबूत होता, तो पत्र्यांपायी जाऊ नये ही संस्थेची कळकळ होती. म्हणून तिने नियम केला : जो अभ्यासक्रम पुरा करून परीक्षा पास होईल, त्याला 'दुकान-उभारणी संच' मिळेल. त्यात फिरती खुर्ची एक, आरसा एक, कात्र्या, वस्तरा, सुगंधी पाण्याचा फवारा, आणि दुकानाच्या छपरासाठी पत्रे आठ.

तिकीटवालीची मोठी खोली बरोब्बर आठ पत्र्यांची होती. वस्तीतल्या बाकीच्यांच्या खोल्याही साधारण तेवढ्याच होत्या. परिणामी केशकर्तनाच्या वर्गात नाव घालायला पहाटेपासून रांग लागली. संस्थेच्या नोंदीप्रमाणे अर्जदारांपैकी नव्वद टक्के लोकांनी केशकर्तन हे आपले लहानपणापासूनचे स्वप्न असल्याचे सांगितले. (उरलेल्या दहा टक्क्यांना तोफांच्या आवाजामुळे ऐकू कमी येत होते, त्यांना प्रश्नच समजला नाही.) बेकरीवाला, त्याची बायको, शाळेचा शिपाई, पोस्टमन, दोन सुईणी आणि एक निवृत्त न्यायाधीश असे सगळे न्हावी व्हायला सिद्ध झाले. एवढ्या उत्साहाने संस्था भारावून गेली.

शिकवायला राजधानीतून एक मास्तर आले. माणूस सज्जन होता. त्यांचे सलून मोठ्या हॉटेलात होते आणि त्यांनी आपल्याला येते ते मनापासून शिकवले. पहिला आठवडा त्यांनी 'गिऱ्हाइकाशी संभाषण' या विषयाला दिला. गिऱ्हाईक खुर्चीत बसले, की त्याला तीन गोष्टी विचाराव्यात : घरचे सगळे कसे आहेत, सध्या राहायला कुठे, आणि या सुट्टीत कुठे जाणार. प्रशिक्षणार्थींनी जोड्या करून सराव केला. घरचे कसे आहेत या प्रश्नापाशीच बऱ्याच जोड्या अडल्या आणि एक सुईण उठून बाहेर गेली ती संध्याकाळपर्यंत आली नाही. तेव्हा मास्तरांनी मोठ्या समजूतदारपणे पहिले दोन प्रश्न गाळले आणि फक्त सुट्टीचा ठेवला.

खरी अडचण पुढे आली. परीक्षेला बसण्याआधी प्रत्येकाने तीस डोकी केलेली असली पाहिजेत, असा नियम होता. नियम उत्तम होता. पण वस्तीतली सगळी माणसे वर्गात होती आणि प्रत्येकाला एकच डोके होते. पहिल्या पंधरवड्यात वस्तीतल्या यच्चयावत माणसांचे केस कापून झाले, दुसऱ्यात कापलेले पुन्हा कापून झाले, आणि तिसऱ्यात पोस्टमन रस्त्याने जाताना ओळखू येईनासा झाला, कारण सगळ्यांचीच डोकी त्याच्यासारखी दिसू लागली. डोक्यांची टंचाई पडली. पूर्वी कोणाच्या घरी पिठाचे पोते आले तर शेजाऱ्यांना कळायचे, तसे आता कोणाच्या घरी केसांचा पाहुणा आला तर कळू लागले. एका म्हाताऱ्या मामांना भेटायला गावाहून त्यांचा जटाधारी भाचा आला, त्याला वेशीवरच चार पक्षांनी गाठले. टक्कल असलेल्या माणसांची फार आबाळ झाली. त्यांना कोणी चहालाही विचारेना.

या काळात दाढीचे महत्त्व मास्तरांच्या ध्यानात आले. केस महिन्यात बोटभर वाढतात, दाढी तीन दिवसांत हाताला लागते. संस्थेने ताबडतोब परिपत्रक काढून दाढीला 'पुनर्निर्मितीक्षम स्थानिक साधनसंपत्ती'चा दर्जा दिला आणि दोन दाढ्या म्हणजे एक डोके असे प्रमाण ठरवून दिले.

तिकीटवालीचे नशीब असे, की तिच्या दिराची दाढी भलतीच जोमदार होती. सकाळी केली तर दुपारी काळी. दीर स्वभावाने आळशी, पण दाढी कष्टाळू. तिकीटवाली त्या दाढीला जिवापाड जपत होती. त्याला उन्हात बसू देत नव्हती, आपल्या ताटातले त्याला वाढत होती. आणि एक दिवस दीर बेकरीवाल्याकडून गालावर हात फिरवत आला. गाल गुळगुळीत. चार सिगरेटींच्या मोबदल्यात त्याने बेकरीवाल्याच्या बायकोला दाढी करू दिली होती.

तिकीटवालीने पातेले आपटले. तिचा आवाज चढला नाही, उलट बसला. ती म्हणाली, "ती दाढी तुमची एकट्याची आहे का हो? पोरीचं छप्पर आहे ते."

दीर उठला. त्याने सिगरेटी परत नेऊन दिल्या (एक कमी होती). त्या दिवसापासून त्याने दाढीला दुसऱ्या कोणाला बोट लावू दिले नाही, हे त्याच्या बाजूने सांगितलेच पाहिजे.

तरीही तीस काही भरेनात. वस्तीत कोणाचेच भरेनात. हा पेच संस्थेच्या वरिष्ठांपर्यंत गेला आणि तिथे एका तल्लख माणसाला आठवले, की कालव्याच्या पलीकडेही आपला असाच अभ्यासक्रम चालू आहे. (त्या बाजूचीही पाहणी झाली होती. तीच गाडी, त्याच फेऱ्या. तिकडेही केस वाढलेले आढळले होते.) तिकडेही सगळी वस्ती न्हावी झाली होती आणि तिकडेही डोकी संपत आली होती. दोन्ही बाजूंनी वर्षभर एकमेकांची डोकी उडवली होती. आता दोन्ही बाजूंना एकमेकांच्या डोक्यांची नितांत गरज होती. अलीकडच्यांनी पलीकडच्यांची करावी, पलीकडच्यांनी अलीकडच्यांची. तीस डोक्यांची अट माफ; त्याऐवजी शत्रूचे एकच डोके पुरेसे धरले जाईल. किंबहुना डोकेही नको, दाढीच बरी, असे संस्थेसाठी परीक्षेचे चित्रीकरण करणाऱ्या बाईंनी सुचवले, कारण केस कापताना गळा दिसत नाही. आणि साध्या पातीच्या रेझरऐवजी उघडा वस्तरा असावा, असेही त्यांनीच सुचवले. त्यांची दृष्टी कलावंताची होती.

परीक्षा बसस्थानकाच्या प्रतीक्षालयात ठेवली. निम्मे छत पडलेले, पण उजेड छान येतो असे सगळ्यांचे मत पडले. तिकीटवालीच्या खिडकीवर फळी मारून तिच्यावर फलक लावला होता : 'एक खुर्ची, एक विश्वास.' समोर प्लास्टिकच्या खुर्च्यांवर देणगीदार पाहुणे बसले. मध्ये दोन फिरत्या खुर्च्या शेजारी शेजारी. ही दोन खुर्च्यांची रचना दोन्ही वस्त्यांनी आपसांत निरोप पाठवून ठरवली होती आणि त्यावाचून कोणीच बसायला तयार नव्हते. पहिल्या फेरीला एका खुर्चीत पलीकडचा मीटरवाला, आणि वस्तरा तिकीटवालीच्या हातात. दुसऱ्या खुर्चीत तिकीटवालीचा दीर, आणि वस्तरा मीटरवाल्याच्या बायकोच्या हातात. एकीचा हात घसरला तर दुसरीचाही घसरू शकेल, एवढा साधा हिशेब. वर्षभर दोन्हीकडच्या तोफा अधूनमधून गप्प बसत त्या याच हिशेबावर. संस्थेच्या परिभाषेत त्याला परस्परविश्वास म्हणतात.

मीटरवाल्याला तिकीटवाली ओळखत होती. लढाईआधी तो विजेची मीटरे वाचायला अलीकडे यायचा आणि जाताना तिच्या खिडकीतून पलीकडचे तिकीट घ्यायचा. सुटे पैसे नेहमी मोजून आणायचा. आता तो मान मागे टाकून बसला होता आणि त्याचा गळा तिच्या समोर होता. गळ्याची घाटी वरखाली होत होती. बस गेली ती याच्या बाजूला. अडवली ती याच्या बाजूच्या माणसांनी. याला ठाऊक असेल, नसेल. ती ठरवूनच आली होती, की आज विचारायचे. तिने साबण लावला, वस्तरा गळ्याखाली टेकवला, आणि प्रतीक्षालयात कोणी खोकेना.

मीटरवाला ओठ न हलवता म्हणाला, "पत्रे आठच देणार म्हणतात, बाई. तुमच्याकडे पण आठच?"

"आठच. हनुवटी वर करा."

त्याने केली. "आणि खिळे?"

वस्तरा जागच्या जागी थांबला.

"खिळे देत नाहीत," तो म्हणाला. "मी विचारून आलो. खिळे नाहीत, वासे नाहीत. पहिल्याच वाऱ्याला पत्रे कालव्यात जातील."

खिळ्यांचे तिच्या लक्षातच आले नव्हते. इतके दिवस ती मनातल्या मनात पत्रे चढवत होती आणि ते आपोआप बसत होते. आता तिच्या डोळ्यांसमोर आठही पत्रे उडाले आणि खाली आकाश बघत झोपलेली पोरगी दिसली. तिचे डोळे एकदम भरून आले. बसचे विचारायचे होते ते राहूनच गेले. विचारले असते तर हात हलला असता, आणि शेजारच्या खुर्चीत दिराच्या गळ्यावरही वस्तरा होता. साबण वाळत चालला होता. तिने नाक ओढले, हात स्थिर केला आणि गळ्यावरून वस्तरा वर ओढला.

पाहुण्यांना दिसले ते एवढेच : शत्रूच्या गळ्यावर वस्तरा थांबला, दोघांच्यात काही कुजबूज झाली, बाईच्या डोळ्यांत पाणी आले आणि वस्तरा पुढे गेला. पहिल्या रांगेतल्या एका पाहुणीने रुमाल काढला. मागच्या रांगेतला एक गृहस्थ उभा राहिला आणि मग सगळेच उभे राहून टाळ्या वाजवू लागले. टाळ्यांनी दचकून मीटरवाल्याच्या बायकोचा हात हलला आणि दिराच्या कानाखाली बारीकशी चीर पडली. ती अहवालात 'किरकोळ मतभेद' म्हणून आली आहे.

निकाल शंभर टक्के लागला.

ती चित्रफीत देशोदेशी पाहिली गेली. संस्थेला मानाचे पदक मिळाले आणि देणगीदारांची पत्रावर पत्रे आली, की आम्हाला आणखी हेच हवे. आता देणगीदाराला जे हवे ते देणे हे कोणत्याही सेवाभावी संस्थेचे कर्तव्यच असते. सबब बांधकाम-साहित्यासाठी राखलेली रक्कम सलोखा-कार्यक्रमाकडे वळवण्यात आली आणि गोदामातले पत्रे दुसऱ्या एका लढाईकडे रवाना झाले. तिकीटवाली विचारायला गेली तेव्हा संस्थेच्या समन्वयक बाईंनी तिला जवळ बसवून घेतले, चहा दिला आणि अगदी आपलेपणाने समजावले. छपराचे यश मोजता येत नाही, त्या म्हणाल्या. ते नुसते असते. त्याच्याकडे बघून कोणाला रडू येत नाही.

बाकीचा संच मात्र संस्थेने शब्द दिल्याप्रमाणे घरपोच दिला. वस्तीतल्या प्रत्येक बिनछपराच्या खोलीत एक फिरती खुर्ची आली. पाऊस खुर्चीवर पडू लागला. दीर त्या खुर्चीत बसून स्वतःभोवती गिरक्या घेई आणि म्हणे, की वहिनी, आपण निदान चारी दिशांनी भिजतोय.

तिकीटवालीला संस्थेने सोडले नाही. तिला आणि मीटरवाल्याला 'सलोखादूत' नेमले. काम सोपे. मोठ्या शहरांत जायचे, सभागृहात खुर्ची मांडायची, मीटरवाल्याने बसायचे, तिने वस्तरा धरायचा. पुढच्या टप्प्यात छपरांचा विचार होऊ शकतो, असे समन्वयक बाई म्हणाल्या. 'होऊ शकतो' या दोन शब्दांवर ती मिनीबसमध्ये चढली.

तेव्हापासून ती फिरते आहे. मीटरवाल्याच्या गळ्यावर एवढ्यांदा वस्तरा फिरला, की कातडी लाल होऊन सोलवटली; दाढी नसेल त्या दिवशी नुसता साबण लावून भागवावे लागते. मिनीबसमध्ये ती दोघे शेजारी बसतात, कारण बाकीच्या जागांवर सामान असते. अशाच एका प्रवासात, कॅमेरे मागच्या गाडीत असताना, तिने त्याला बसचे विचारले. त्याला ठाऊक नव्हते. त्याचा थोरला भाऊही त्याच रस्त्यावर गेला होता आणि तोही सापडला नव्हता. मग तो मलमाची डबी धरून बसला आणि ती त्याच्या गळ्याला मलम लावत राहिली. सलोखा म्हणतात तो दोघांच्यात तेव्हा झाला असावा. पण तो कोणी टिपला नाही, म्हणून त्याची नोंद नाही.

सभागृहात दाढी झाली, की प्रश्नोत्तरे होतात. पहिला प्रश्न ठरलेला : वस्तरा गळ्यावर असताना तुमच्या मनात काय होते? सुरुवातीला ती खरे सांगायची. "खिळे," ती म्हणायची. दुभाष्या अनुभवी होता. तो तिच्याकडे बघून मान लववायचा आणि म्हणायचा, "त्या म्हणतात, क्षमा." सभागृह हेलावून जायचे. एकदा तिने नेटाने सगळेच सांगितले, लेक, नणंद, आठ पत्रे, वासे, वारा, सगळे. दुभाष्याने शांतपणे ऐकून घेतले आणि म्हणाला, "त्या म्हणतात, क्षमा करणे सोपे नसते." त्या दिवशी टाळ्या जास्त झाल्या. आता ती स्वतःच 'क्षमा' म्हणते. जेवण लवकर मिळते.

मागच्या आठवड्यात तिने नणंदेला फोन केला, की पुढच्या टप्प्यात नक्की होईल असे वाटते. नणंद नेहमीसारखी तोडून बोलली नाही. थकल्यासारखी म्हणाली, "अगं, छपराचं राहू दे आता. छप्पर झालं तरी घरात कोण आहे? तू आज इथं, उद्या तिथं. पोरीकडे बघणार कोण?" छपरासाठी फिरायचे आणि फिरते म्हणून छपराचा उपयोग नाही, हे तिकीटवालीला कुठेच खोडून काढता येईना. तिने लेकीला फोन द्यायला सांगितले. लेक म्हणाली, की तिने आईला टीव्हीवर पाहिले, शाळेतल्या सगळ्यांनी पाहिले. आणि मग विचारले, "तू त्या काकांचा गळा कापणार होतीस का गं?"

पोरीला दोष देण्यात अर्थ नाही. ती लहान आहे. पण तुम्ही जाणते आहात, शिकलेले आहात, चार चांगली पुस्तके वाचता. पत्र्यांची थप्पी आणि आठ पत्र्यांची खोली इथे तुम्ही जरा भरभर पुढे गेलात, आणि वस्तरा गळ्याखाली टेकला तेव्हा सावरून बसलात, हे मला इथून दिसले. लाजू नका, पहिल्या रांगेतल्या पाहुण्यांचेही तसेच झाले होते. आज संध्याकाळी तिचा कार्यक्रम तुमच्याच शहरात आहे. दाढी आटोपली आहे, टाळ्या ओसरल्या आहेत, ती खुर्चीमागे वस्तरा पुसत उभी आहे आणि माईक फिरत फिरत तुमच्या हातात आला आहे. पोरगी अजून नणंदेकडेच आहे. विचारा, काय विचारायचे ते. दुभाष्याने उत्तर तयार ठेवले आहे.